बाहुली आणि हात

कळसूत्री बाहुली दोऱ्यांवर नाचते. अमेरिकन कलावंत जिम हेन्सन यांची ‘मपेट’ बाहुली हातावर जगते. खेळ करणाऱ्याचा पंजा हेंच तिचें तोंड आणि त्याचाच आवाज हा तिचा आवाज. म्हणूनच १९९० सालीं हेन्सन निवर्तले, तेव्हां त्यांचा कर्मिट बेडूक दुसऱ्याच्या हातीं जाऊन तोच राहील काय, असा प्रश्न उभा राहिला.

त्याची कसोटी २०११ सालच्या ‘द मपेट्स’ या चित्रपटानें लागली. त्यापूर्वीं बारा वर्षें या बाहुल्यांचा एकहि बोलपट चित्रगृहांत आला नव्हता. कथेंत पांगलेलीं पात्रें आपलें जुनें नाट्यगृह वाचविण्यासाठीं एकत्र येतात. पैसा पुरेसा जमत नाहीं, परंतु बाहेर येऊन पाहतात तों रस्ता चाहत्यांनीं फुलून गेलेला. १९७६ ते १९८१ या काळांत ‘द मपेट शो’ पाहून वाढलेल्या प्रेक्षकांना त्या गर्दींत आपलीच ओळख पटली. बहुतेक समीक्षकांनींहि चित्रपट वाखाणला. त्यांतील एका गीतास ऑस्कर पारितोषिक मिळालें.

उलट, मिस पिगीला वर्षानुवर्षें बोलती करणारे फ्रँक ऑझ दूर राहिले. पटकथेंत पात्रांचा मान राखला गेला नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें.

दोन्हीकडे प्रेम तेंच होतें. मात्र २०१४ सालीं पुढचा चित्रपट निघाला, तेव्हां उत्पन्न सुमारें निम्म्यावर आलें. आठवण माणसाला एकदां चित्रगृहापर्यंत आणते. दुसऱ्यांदा आणावयाचें, तर नव्या हातानें बाहुलीला नवें कांहीं बोलतें केलें पाहिजे.