समुद्रावरील संकटाची हांक

जमिनीवर संकटांत सांपडलेल्या माणसानें हांक मारली तर ती शेजाऱ्याच्या कानीं पडण्याचा संभव असतो. समुद्रावर शेजार नसतो. किनारा डोळ्यांना दिसत असतांहि मनुष्याचा आवाज वाऱ्यावर विरून जातो, आणि लाटांच्या फेसांत हरवलेली लहानशी पांढरी होडी विमानांतून पाहणाऱ्यालाहि सहज दिसत नाहीं. म्हणून मौजेखातर शिडाची नौका किंवा यांत्रिक होडी घेऊन समुद्रावर जाणाऱ्यास पोहतां येणें जितकें अवश्य, तितकेंच संकटाची हांक योग्य रीतीनें देतां येणेंहि अवश्य आहे. ही हांक उपयोगी पडावयाची तर तिनें तीन प्रश्नांचीं उत्तरें दिलीं पाहिजेत: संकटांत कोण आहे, तो कोठें आहे आणि त्याला काय झालें आहे. शिवाय ती ऐकावयास कोणी तरी जागें असलें पाहिजे.

हा शेवटचा मुद्दा जगाला फार मोठी किंमत देऊन कळला. एस्. ओ. एस्. ही खूण १९०६ सालीं बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनें ठरविली. १९१२ च्या एप्रिलमध्यें 'टायटॅनिक' बुडूं लागलें तेव्हां ती त्याच्या बिनतारी यंत्रावरून वारंवार पाठविण्यांत आली. दूरवरच्या 'कार्पेथिया' जहाजानें हांक ऐकून सातशेंहून अधिक माणसें वांचविलीं. परंतु त्याहून पुष्कळ जवळ असलेल्या 'कॅलिफोर्नियन' जहाजावरील एकुलता एक बिनतारी चालक दिवसाचें काम संपवून निजला होता. यंत्र होतें, लहरीहि येत होत्या. कान मात्र बंद होता.

आज लहान नौकेसाठीं सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे व्ही. एच्. एफ्. रेडिओ. खिशांत मोबाईल असतां याची गरज काय, असें पुष्कळांना वाटतें. परंतु मोबाईलचे मनोरे जमिनीवरील वस्तीसाठीं उभारलेले असतात. किनाऱ्यापासून कांहीं मैल गेल्यावर त्यांचा भरंवसा राहत नाहीं. शिवाय मोबाईलवरील हांक एकाच माणसाला ऐकूं जाते. रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, दिलेली हांक टापूंतील जीं जीं जहाजें व किनाऱ्यावरील जीं जीं केंद्रें तेथें कान देऊन असतील, त्या सर्वांना एकाच वेळीं ऐकूं येते. मात्र या लहरी बव्हंशीं सरळ रेषेंत जातात. पृथ्वीच्या गोलाईमागें त्या फारशा वळत नाहींत. म्हणून त्यांचा पल्ला यंत्राच्या शक्तीपेक्षां एरियलच्या उंचीवर अधिक अवलंबून असतो. दोन लहान होड्यांत बसलेल्या माणसांना हातांतील यंत्रावरून चार-पांच सागरी मैलांपर्यंतच बोलतां येतें. उलट १६ मीटर उंचीच्या डोलकाठीवर एरियल असेल, तर किनाऱ्यावर १०० मीटर उंच असलेल्या केंद्राशीं तीस मैलांवरूनहि संभाषण होऊं शकतें.

नव्या यंत्रावर झांकणाखालीं एक तांबडी कळ असते. ती कांहीं सेकंद दाबून धरली म्हणजे यंत्र स्वतःच ७० क्रमांकाच्या चॅनेलवर आंकड्यांच्या भाषेंत संकटाची वर्दी देतें. तींत नौकेचा नऊ आंकडी ओळखक्रमांक असतो. भारतीय नौकांचा क्रमांक ४१९ नें सुरू होतो. यंत्राला जी. पी. एस्. ची जोड असेल तर अक्षांश-रेखांशहि आपोआप जातात. 'कोण' व 'कोठें' हे दोन प्रश्न एका बोटानें सुटतात. इतकेंच नव्हे, तर ही वर्दी ज्या जहाजावर पोहोंचते तेथील यंत्र मोठ्यानें गजर करतें. 'कॅलिफोर्नियन'च्या निजलेल्या चालकाला जागें करणारी घंटा ती हीच.

त्यानंतर १६ क्रमांकाच्या चॅनेलवर तोंडानें बोलावयाचें असतें. प्रथम 'मेडे' हा शब्द तीन वेळां, मग नौकेचें नांव तीन वेळां. पुढें स्थान, संकटाचें स्वरूप, हवी असलेली मदत व नौकेवरील माणसांची संख्या. घाबरलेल्या माणसाला पाठ असलेलेंहि आठवत नाहीं. म्हणून हा क्रम लिहून यंत्राशेजारीं चिकटवून ठेवावा. जिवाला धोका नसून केवळ इंजिन बंद पडलें असेल, तर 'मेडे' न म्हणतां 'पॅन-पॅन' म्हणावें. कळ चुकून दाबली गेल्यास लाजेनें गप्प बसूं नये. त्याच चॅनेलवर तें तत्काळ कळवावें, म्हणजे दुसऱ्या कोणासाठीं लागणारी मदत व्यर्थ धांवणार नाहीं.

किनाऱ्याच्या टप्प्यापलीकडे जाणाऱ्यानें 'इपर्ब' हें संकटसूचक यंत्र जवळ बाळगावें. तें ४०६ मेगाहर्ट्झवर सुमारें दर पन्नास सेकंदांनीं उपग्रहांकडे संदेश धाडतें आणि निदान ४८ तास चालतें. उपग्रहाच्या पल्ल्याला महासागराचीहि मर्यादा नसते. भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी २०१८ सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतींत उतरले होते. २१ सप्टेंबर रोजीं दक्षिण हिंदी महासागरांतील वादळांत, पर्थपासून सुमारें १९०० सागरी मैलांवर, गोव्यांत बांधलेल्या त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर दुखापत होऊन त्यांना उठतांहि येईना. उपग्रहामार्गें मिळणारें स्थान व त्यांनीं धाडलेले तुटक संदेश यांमुळें शोध घेणाऱ्यांना तो अफाट समुद्र धुंडाळावा लागला नाहीं. तिसऱ्या दिवशीं 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानें त्यांची सुटका केली.

मदत जवळ आली म्हणजे तिला नेमकी होडी दाखविण्याचें काम प्रकाशाचें. पॅराशूटचा तांबडा बाण सुमारें ३०० मीटर उंच जाऊन ४० सेकंद जळतो. हातांत धरावयाची तांबडी ज्योत एक मिनिट टिकते. दिवसा नारिंगी धूर अधिक चांगला दिसतो. जहाज किंवा विमान दृष्टिपथांत येण्यापूर्वीं हीं साधनें खर्चूं नयेत. ज्योत वारा ज्या दिशेस वाहत असेल त्या बाजूस, होडीबाहेर धरावी, आणि तिच्यावर छापलेली मुदत दर वर्षीं पाहावी.

परंतु हीं सर्व साधनें विकत घेतल्यानें काम संपत नाहीं. इपर्ब मालकाच्या नांवें नोंदविलेलें नसेल, तर उपग्रहानें पोहोंचविलेल्या हांकेंतील 'कोण' हा प्रश्न अर्धवटच राहतो. नोंद असली म्हणजे शोधकेंद्र प्रथम घरीं फोन करून विचारतें: नौका खरोखर समुद्रावर आहे काय, तींत किती माणसें आहेत, परतावयाची वेळ कोणती? याचें उत्तर घरच्या माणसांपाशीं असलें पाहिजे. म्हणून निघण्यापूर्वीं मार्ग, सोबती व परतण्याची वेळ लिहून घरीं ठेवावी. वेळ टळून गेल्यास घरच्यांनीं संकोच न करतां तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावें. समुद्रावरील हांकेला जागा कान लागतो, आणि त्यांतला पहिला कान पुष्कळदां घरांतच असतो.