जुने घर विकत घेताना : रंगाखालची भिंत आणि कागदांमागचे कुटुंब

पणजीच्या फोंतेन्हास भागातील जुने, नूतनीकरण केलेले घर विक्रीस निघाले की त्याच्या जाहिरातीचे रूप बहुधा ठरलेले असते. निळी किंवा पिवळी भिंत, खिडक्यांभोवती पांढरी पट्टी, लोखंडी नक्षीचा सज्जा, वर लाल कौले. ‘पोर्तुगीजकालीन’ हा शब्द ठळक अक्षरांत, आणि किंमत प्रत्यक्ष भेटीत. छायाचित्र पाहून मन मोहून जाणे स्वाभाविक आहे. परंतु अशा घराचे खरे मोल ज्या गोष्टींवर ठरते, त्यांतील एकही त्या छायाचित्रात दिसत नाही. भिंतीच्या आत काय आहे, मालकी कोणाकोणाची आहे आणि घेतल्यावर त्या घराचे काय करता येईल, हे तीन प्रश्न सोडवल्याशिवाय विसार देणे धोक्याचे ठरते.

माडांच्या बागेतून वस्तीकडे

आल्तिनो टेकडीचा पायथा आणि ओरे खाडी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत हा भाग वसला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोझांबिकहून परतलेले ‘मोसमीकर’ या नावाने ओळखले जाणारे आंतोनियो जुआंव द सिकेरा यांनी येथे माडांची बाग उभी केली, असे या वस्तीच्या इतिहासात सांगितले जाते. टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून तिला फोंतेन्हास हे नाव पडले. साथीच्या रोगांनी जुने गोवे ओस पडत गेले, कारभार पणजीत आला आणि १८४३ मध्ये पणजीला अधिकृतपणे राजधानीचा दर्जा मिळाला. सरकारी नोकर, वकील, व्यापारी यांना राहायला जागा हवी होती. त्यातूनच हे शहरी घर आकाराला आले.

खेड्यातील भाटकाराच्या घराला भोवती मोकळी जागा असते. फोंतेन्हासच्या घराचा दरवाजा थेट गल्लीत उघडतो, बैठकीची खोली बहुधा वरच्या मजल्यावर असते आणि शेजारच्या घराशी भिंत अनेकदा सामाईक असते. ही सामाईक भिंत खरेदीदाराने विसरू नये. शेजारचे घर बंद पडून गळत असेल, तर तुमच्या नव्या रंगाला ती ओल लागल्यावाचून राहत नाही.

भिंतीला श्वास घेता येतो का?

ही घरे चिऱ्यांची आहेत. चिरा सच्छिद्र असतो. तो जमिनीतील ओलावा वर ओढून घेतो. जुने गवंडी हे जाणून होते, म्हणून दर्जांमध्ये चुना आणि गिलाव्यालाही चुनाच वापरत. चुन्याचा गिलावा ओलावा अडवून ठेवत नाही, तो बाहेर सोडतो. दरवर्षी पावसाळा सरल्यावर नीळ किंवा गेरू मिसळून चुन्याचा हात दिला की भिंत पुन्हा टवटवीत होई.

अलीकडच्या अनेक ‘नूतनीकरणां’त या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढतो आणि त्यावर प्लास्टिकयुक्त रंग. पहिल्या वर्षी काम देखणे दिसते. पण आत अडकलेला ओलावा वाट शोधत वर चढतो, क्षार बाहेर फेकतो, रंगाला फुगे येतात आणि पोपडे पडतात. त्याहून मोठे नुकसान डोळ्यांआड होते. पोटमाळ्याच्या आणि छपराच्या तुळयांची टोके याच भिंतीत रोवलेली असतात. ती कुजू लागतात आणि मग वाळवीचे काम सोपे होते.

म्हणून असे घर मे महिन्यात पाहून निर्णय घेऊ नये. जुलै-ऑगस्टमध्ये, दोन-तीन दिवसांच्या संततधारेनंतर पाहावे. भिंतीचा खालचा हातभर भाग हाताने चाचपावा. माळ्यावर चढून वासे, रिपा आणि भिंतीत शिरणारी तुळयांची टोके तपासावीत. कौलांखाली पत्रा किंवा काँक्रीटचा थर घातला असेल, तर तो का घातला हे विचारावे. नंतर बसवलेली पाण्याची टाकी कशावर टेकली आहे, तेही पाहावे. खिडक्यांना शिंपल्यांची जुनी तावदाने शिल्लक असतील तर ती जपण्यासारखी आहेत. तो शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत असल्याने फुटलेल्या तावदानाच्या जागी नवे आणणे सोपे राहिलेले नाही.

एक घर, अनेक सह्या

भिंत दुरुस्त करता येते. मालकीतील भेग मात्र न्यायालयातच बुजवावी लागते. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली आणि तिची मूळ तत्त्वे आजही कायम आहेत. वारसाहक्काचा भाग आता राज्याच्या उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाहीविषयक कायद्यात आला आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. वारशाने आलेले घरही त्यात धरले जाते. मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा समान असतो, आणि मालमत्तेचा निम्मा भाग मृत्युपत्रानेही या वारसांपासून हिरावून घेता येत नाही. हा नियम ख्रिस्ती कुटुंबांइतकाच हिंदू कुटुंबांनाही लागू आहे.

व्यवहारात याचा अर्थ काय? आईवडील निवर्तले, मागे चार भावंडे, चौघेही विवाहित. विक्रीखतावर चार नव्हे, आठ सह्या लागतात. त्यांतील एक भाऊ हयात नसेल, तर त्याची पत्नी आणि मुले येतात. एखादी बहीण लिस्बनला, दुसरी लंडनला असेल, तर मुखत्यारपत्र तेथे रीतसर प्रमाणित होऊन यावे लागते आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ‘बहिणीची काही हरकत नाही’ हे तोंडी आश्वासन या कायद्यापुढे टिकत नाही. शिवाय अविभाज्य मालमत्तेतील एका सहहिस्सेदाराने आपला हिस्सा परक्याला विकायला काढला, तर त्याच किमतीत तो घेण्याचा पहिला हक्क इतर सहहिस्सेदारांचा असतो.

त्यामुळे केवळ शहर सर्वेक्षणातील मालमत्ता पत्रक पाहून थांबू नये. जुन्या भूनोंदणी कार्यालयातील ‘देस्क्रिसांव’ची नोंद, कराची ‘मात्रिझ’ नोंद आणि सर्वेक्षणातील चलता क्रमांक हे तिन्ही त्याच घराचे आहेत ना, हे वकिलाकडून जुळवून घ्यावे. पोर्तुगीज दस्त वाचू शकणारा वकील मिळाला तर उत्तम. इन्व्हेंटरी कार्यवाही पूर्ण झाली आहे का, वारसांचा नोटरीसमोरील दस्त झाला आहे का, घरावर बोजा आहे का, हे प्रश्न विसार देण्यापूर्वीचे आहेत, नंतरचे नव्हेत. तळमजल्यावर कोणी राहत असेल, तर तो कोणत्या हक्काने राहतो हेही पाहावे; भाडेकरूला १९६८ च्या आणि मुंडकाराला १९७५ च्या कायद्याचे संरक्षण आहे आणि मालक बदलल्याने ते संपत नाही.

घेतल्यानंतर

फोंतेन्हास हे संवर्धन क्षेत्र आहे. दर्शनी भाग, छपराचा उतार, मजल्यांची उंची यांत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाही; परवानगी लागते. आधीच्या मालकाने नूतनीकरण करताना ती घेतली होती का, त्याचे कागद मागावेत. विनापरवाना वाढवलेल्या खोलीचे ओझे नव्या मालकावर येते. घरात पाहुण्यांसाठी खोल्या चालवायच्या असतील, तर पर्यटन खात्याकडे नोंदणी आवश्यक आहे. आणि खिडकीपाशी छायाचित्रांसाठी उभे राहणारे पर्यटक हा येथील रोजचा अनुभव आहे; अनेक रहिवाशांनी त्याविरुद्ध दारावर पाट्या लावल्या आहेत.

हे सारे वाचून कोणी माघार घ्यावी, हा हेतू नाही. उलट, या वस्तीला आज काळजीपूर्वक घर घेणाऱ्यांची गरज आहे. वारस जगभर पांगले, इन्व्हेंटरी पुढच्या पिढीवर ढकलली गेली, सह्यांची संख्या आठवरून वीसवर पोहोचली, की घराला कुलूप लागते. दोन-तीन पावसाळे कोणी कौले फिरवली नाहीत, की आढे खचते आणि सामाईक भिंतीतून शेजारच्या घरातही पाणी उतरते. म्हणून जे आज अशा घरांचे मालक आहेत, त्यांनीही विक्रीचा विचार नसताना वारसांचे कागद पूर्ण करून ठेवावेत. घर विकायचे की राखायचे हे मग कुटुंबाला ठरवता येते. नाहीतर तो निर्णय पाऊस घेतो.