थोरांची विज्ञान-परीक्षा

आपल्या विश्वस्त संस्थेच्या या महोत्सवी वर्षात मुलांच्या परीक्षांविषयी पुष्कळ बोलले जाईल, आणि ते योग्यच आहे. शिष्यवृत्त्या, वह्यापुस्तके, गुणवंतांचे सत्कार ही संस्थेच्या कार्याची मुख्य अंगे होत. परंतु शाळा सोडून वीस-तीस वर्षे झालेल्या आईबापांची, काका-मामांची परीक्षा कोण घेतो? शाळेत शिकलेल्या विज्ञानापैकी त्यांच्यापाशी आज काय शिल्लक आहे? आम्हां शिक्षकांस हा प्रश्न वारंवार पडतो. कारण दुपारी वर्गात जे शिकवावे ते संध्याकाळी घरच्या वडीलधाऱ्यांच्या एका वाक्याने पुसले जाते, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. म्हणून थोरांच्या विज्ञान-परीक्षेविषयी चार गोष्टी सभासद बंधुभगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

अशा परीक्षा जगात पूर्वीच झालेल्या आहेत. १९८८ साली ब्रिटन व अमेरिका या दोन देशांत प्रत्येकी सुमारे दोन हजार प्रौढांना विज्ञानातील साधे प्रश्न विचारण्यात आले आणि त्यांचे निष्कर्ष पुढील वर्षी 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकात छापले गेले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते आणि एका फेरीला एक वर्ष लागते, या दोन्ही गोष्टी बरोबर सांगणारे लोक ब्रिटनमध्ये शेकडा ३४ व अमेरिकेत शेकडा ४६ निघाले. अमेरिकेत असे सर्वेक्षण पुढेही ठराविक काळाने होत राहिले. २०१२ च्या पाहणीत 'कोण कोणाभोवती फिरते?' एवढ्याच प्रश्नाला शेकडा ७४ लोकांनी बरोबर उत्तर दिले. 'अँटिबायोटिक औषधाने जिवाणूंप्रमाणे विषाणूही मरतात काय?' या प्रश्नाला 'नाही' हे बरोबर उत्तर देणारे मात्र शेकडा ५१च होते. ज्या प्रश्नाला 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर असते तेथे अंदाजाने उत्तर देणाराही निम्म्या वेळा बरोबर ठरतो, हे ध्यानी घेतले म्हणजे हा आकडा किती तोकडा आहे ते कळेल.

हे अज्ञान अशिक्षितांचे, असे म्हणून कोणी सुटू नये. १९८७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात एक माहितीपट चित्रित झाला. पदवीधर, माजी विद्यार्थी व प्राध्यापक मिळून २३ जणांना, ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात, असे विचारण्यात आले. त्यांपैकी २१ जणांच्या उत्तरांत चुकीच्या समजुती आढळल्या. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून उकडते, हे त्यांतले ठरलेले उत्तर! वस्तुतः पृथ्वी सूर्याच्या अगदी जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, म्हणजे आपण शाली पांघरतो तेव्हा. त्या वेळी अंतर सुमारे १४ कोटी ७१ लक्ष किलोमीटर असते. जुलैच्या आरंभी ते सुमारे १५ कोटी २१ लक्ष होते. ऋतूंचे कारण अंतर नसून पृथ्वीच्या आसाचा साडेतेवीस अंशांचा कल होय. त्या कलामुळे सूर्यकिरण कधी सरळ पडतात, कधी तिरपे, आणि दिवसही लहानमोठा होतो.

याचा पडताळा आपल्या बेळगावातल्या अंगणातच घेता येतो. 'बारा वाजता सूर्य रोज डोक्यावर येतो' असे आपण सहज म्हणतो. पण बेळगावी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात व ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास अंगणात उभ्या केलेल्या काठीची सावली काठीच्या पायाशीच नाहीशी होते. या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते, आणि उरलेल्या वर्षात उत्तरेकडे. ऑगस्टात आपल्याकडे आभाळ भरलेले असते, म्हणून हा प्रयोग मे महिन्यात करावा. एक काठी आणि एक खडू यांपलीकडे त्याला काही लागत नाही.

चंद्राची गोष्ट याहून बोधप्रद आहे. संकष्टीचा उपास करणाऱ्या आमच्या शेजारच्या काकूंना चंद्र रात्री उशिरा पूर्वेस उगवणार हे पंचांग न पाहताही ठाऊक असते. आमच्या घरी ईदचा चंद्र शोधणारी पोरेसुद्धा गच्चीवर जाताच पश्चिमेकडे तोंड करून उभी राहतात. सूर्य मावळल्यावर थोडाच वेळ ती कोर दिसते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. परंतु 'चंद्र लहान-मोठा का दिसतो?' असे विचारले की दोन्ही घरांतून एकच उत्तर येते, 'पृथ्वीची सावली पडते म्हणून.' हे चूक आहे. पृथ्वीची सावली सूर्याच्या उलट दिशेस पडते. ईदची कोर तर मावळत्या सूर्याच्या जवळच दिसते. मग तिच्यावर सावली पडेल कशी? चंद्राचा अर्धा भाग सदैव उजळलेला असतो. सुमारे साडेएकोणतीस दिवसांच्या चक्रात त्या उजळलेल्या अर्ध्या भागाचा कधी थोडा, कधी बराच अंश आपल्याकडे वळलेला असतो, एवढेच. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती पौर्णिमेच्या चंद्रग्रहणात. डोळ्यांनी पाहिलेले सारे बरोबर, आणि कारण तेवढे चुकीचे, असा हा प्रकार आहे.

आपल्या देशातही या विषयाचा अभ्यास झाला आहे. १९८९ साली अलाहाबाद (आजचे प्रयागराज) येथील कुंभमेळ्यात गौहर रझा व त्यांच्या सहकाऱ्यांनी यात्रेकरूंना विज्ञानाचे प्रश्न विचारले. अशा अभ्यासांतून त्यांनी 'सांस्कृतिक अंतर' ही कल्पना मांडली. एखादी वैज्ञानिक कल्पना लोकांच्या नित्य जीवनापासून जितकी दूर, तितका तिला लोकांपर्यंत पोहोचण्यास वेळ अधिक लागतो, असा तिचा भावार्थ आहे. लोकांना अडाणी ठरवून मोकळे होण्यापेक्षा हा विचार आम्हांस अधिक न्याय्य वाटतो.

प्रश्न कसा विचारला जातो यावरही पुष्कळ अवलंबून असते. अमेरिकेतील २०१२ च्या पाहणीत, 'आजचा मानव पूर्वीच्या प्राणिजातींपासून विकसित झाला' हे विधान शेकडा ४८ लोकांनी खरे मानले. काही लोकांना हेच विधान 'उत्क्रांतिवादानुसार' एवढा शब्द आरंभी घालून विचारण्यात आले, तेव्हा शेकडा ७२ लोकांनी ते खरे असल्याचे सांगितले. म्हणजे विज्ञान काय म्हणते हे पुष्कळांना माहीत होते; ते आपलेसे करणे ही निराळी बाब होती. परीक्षा घेणाराने या दोहोंची गल्लत करू नये.

आता कोणी विचारील, की आमच्या दुकानदारीत वा स्वयंपाकात पृथ्वी फिरली काय आणि सूर्य फिरला काय, बिघडते कुठे? चंद्राचे कारण चुकल्याने कोणाचे नुकसान होत नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु काही प्रश्न असे आहेत की त्यांच्या चुकीच्या उत्तराची किंमत घरातील सर्वांत दुबळ्या माणसास मोजावी लागते. असे तीन प्रश्न येथे देतो.

पहिला : मुलगा होणार की मुलगी, हे कोणामुळे ठरते? आईकडून येणाऱ्या बीजात नेहमी एक्स हे गुणसूत्र असते. बापाकडून एक्स येते किंवा वाय. एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. नेटी स्टीव्हन्स आणि एडमंड विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०५ साली, कीटकांचा स्वतंत्रपणे अभ्यास करून, लिंगनिश्चितीचा गुणसूत्रांशी असलेला हा संबंध दाखवून दिला. त्यालाही आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. तरी दुसरी किंवा तिसरी मुलगी झाली की बोल लागतो तो सुनेलाच. आमच्या वर्गात धाकट्या बहिणीच्या जन्मानंतर आठ-आठ दिवस गप्प बसणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. घरी आईला काय ऐकावे लागते हे त्यांना विचारावे लागत नाही. येथे बापालाही दोष नाही, कारण कोणते बीज जुळावे हे त्याच्या हाती नसते. आणि मुलगी होणे हा मुळात दोषच नव्हे. गर्भलिंगनिदान तर १९९४ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे.

दुसरा : लहान मुलाला जुलाब लागले असता पाणी द्यावे की बंद करावे? 'पाणी दिले की जुलाब वाढतात' ही समजूत अनेक घरांत अजून आहे. वास्तविक जुलाबात मूल दगावते ते शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. साखरेबरोबर मीठ व पाणी आतड्यातून शोषले जाते, आजारातही हे काम चालू राहते. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या शिबिरात पटकीची साथ पसरली व शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडानेच पाजविले, आणि सुमारे शेकडा ३० असलेले मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४ च्या आत आले. औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी उत्तम. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ मिसळून थोडे थोडे पाजावे. मूल अंगावर पिणारे असेल तर दूध चालू ठेवावे. मूल मलूल झाले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त दिसले तर क्षणभरही न थांबता डॉक्टरांकडे न्यावे.

तिसरा : साध्या सर्दीपडशावर अँटिबायोटिक घ्यावे काय? सर्दी विषाणूंमुळे होते आणि हे औषध जिवाणूंवर चालते. म्हणून सर्दीत ते निरुपयोगी होय. कारण नसता घेतल्याने चिवट जिवाणू तेवढे टिकून माजतात, आणि पुढे खऱ्या गरजेच्या वेळी औषध लागू पडत नाही. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेणे, स्वतःच दुकानातून आणणे, या सवयी म्हणूनच घातक आहेत.

घटनेच्या ४२ व्या दुरुस्तीने १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली, त्यांत वैज्ञानिक दृष्टी व जिज्ञासा यांचा विकास करणे हे एक आहे. कर्तव्य म्हटले की ते शाळेतील मुलांचे, अशी आपण सोयीची समजूत करून घेतो. पण घटनेने वयाची अट घातलेली नाही.

शेवटी संस्थेस आमची एक नम्र सूचना आहे. वार्षिक सभेच्या दिवशी, शिष्यवृत्त्यांच्या वाटपानंतर, थोरांची एक छोटी परीक्षा घ्यावी. प्रश्न पाचच असावेत. कागदावर नाव लिहू नये आणि कोणाचेही गुण जाहीर करू नयेत; हसू होईल या भीतीने माणूस उत्तर देण्यापेक्षा गप्प राहणे पसंत करतो. उत्तरे त्याच सभेत, शक्य तेथे प्रयोगानिशी, सांगावीत, आणि प्रयोग मुलांनी करून दाखवावेत. चंद्राच्या कलांसाठी एक चेंडू आणि अंधाऱ्या खोलीतील एक दिवा पुरतो. परीक्षकाच्या खुर्चीवर मुले आणि बाकावर आजी-आजोबा, हे दृश्य मुलांना तर आवडेलच. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर घरातील सर्व माणसांनी एकत्र बसून ऐकले, तर एखाद्या घरातील सुनेला त्या रात्री सुखाची झोप लागेल.