घराचे चौरस फूट कसे मोजावेत?

चिंचोळी एमआयडीसीतील कामगार आयुष्याची पुंजी ओतून घर घेतो, परंतु क्षेत्रफळ मात्र विक्रेता सांगेल तेच मानतो. म्हणून आम्ही मुलांच्या हाती टेप देतो. प्रत्येक खोलीची लांबी व रुंदी आतून, भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजून गुणावी. इंचांना 12 ने भागावे. 10 फूट 6 इंच म्हणजे 10.5 फूट, 10.6 नव्हे. (शिकलेलेही इथेच फसतात!) सर्व खोल्यांच्या बेरजेत आतील भिंतींची जागा मिळवावी. 2016 च्या रेरा कायद्यातील चटई क्षेत्र ते हेच. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, उघडी गच्ची त्यात धरत नाहीत. ‘सुपर बिल्टअप’मध्ये सामाईक जिन्याचा वाटाही मिळवलेला असतो. करारात 30 चौरस मीटर असल्यास 10.764 ने गुणावे : सुमारे 323 चौरस फूट.