काळ्या बाटलीची धास्ती

उन्हाळ कांदा काढणीला आला की सटाण्यात आणि एकूणच बागलाणात वेल्डिंगच्या दुकानांना उसंत नसते. कांदा चाळीचे खांब आणि कैच्या, बागांच्या मांडवाचे अँगल, ट्रॉलीचा तुटलेला हूक, रोटाव्हेटरचं वाकलेलं पातं, सगळं एकाच महिन्यात येतं आणि प्रत्येकाला आजच हवं असतं. जोडकाम आता बहुतेक विजेवरच होतं, पाइप कटर मशीनवर कापले जातात. पण जाड प्लेट कापायची असली, गंजून बसलेला नट तापवून सोडवायचा असला किंवा जुनी चेसी भंगारासाठी तोडायची असली की कोपऱ्यातल्या दोन बाटल्या बाहेर काढाव्याच लागतात.

या दोहोंपैकी लोक घाबरतात ती इंधनाच्या बाटलीला. ॲसिटिलीनची असेल तर ती मरून रंगाची, एलपीजीची व्यावसायिक असेल तर निळी. ऑक्सिजनची काळी बाटली मात्र पायाने लोटली जाते, आडवी पडलेली असते, तिच्यावर बसून चहाही होतो. ‘ऑक्सिजन काय, तो थोडाच पेटतो?’ हे उत्तर ठरलेलं. उत्तर खरं आहे आणि धोका नेमका त्यातच आहे. तो कसा, हे कळायला आधी गॅसने लोखंड कापलं जातं म्हणजे काय होतं ते पाहावं लागेल.

गॅसने लोखंड वितळवून कापतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते जाळून कापतात. कटरच्या नोझलला कडेने बारीक छिद्रं असतात आणि मधोमध एक मोठं. कडेच्या छिद्रांतून इंधन आणि ऑक्सिजन यांचं मिश्रण येतं, ती तापवणारी ज्योत. ॲसिटिलीनची ही ज्योत सुमारे ३१०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, एलपीजीची २८०० च्या आसपास. लोखंड वितळतं १५३८ अंशांना, पण कारागीर तिथवर थांबतच नाही. प्लेटची कड लालभडक झाली, म्हणजे ९०० अंशांच्या जवळ आली, की तो कटरची दांडी दाबतो आणि मधल्या छिद्रातून शुद्ध ऑक्सिजनचा झोत सुटतो. इतकं तापलेलं लोखंड शुद्ध ऑक्सिजनमध्ये अक्षरशः पेट घेतं. जळताना त्याची स्वतःची उष्णता निघते, ती पुढच्या लोखंडाला पेटवते. तयार होणारं ऑक्साइड लोखंडापेक्षा कमी तापमानाला वितळत असल्यामुळे झोताबरोबर खाली उडून जातं. ठिणग्यांचा तो पाऊस म्हणजे जळलेलं लोखंड. स्टेनलेस स्टील या कटरने कापलं जात नाही, कारण त्यातल्या क्रोमियमचं ऑक्साइड वितळायला फार जास्त तापमान लागतं. ते वर कवच धरून बसतं आणि ऑक्सिजनला आत जाऊ देत नाही.

म्हणजे ज्योत फक्त काडी लावते, कापतो तो ऑक्सिजन. दहा मिलिमीटरची प्लेट ज्या वायूत जळते, त्यात सुती शर्ट, डोक्याचे केस आणि ग्रीस माखलेला हातमोजा यांचं काय होईल याचा विचार करावा. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. बंद जागेत गळती होऊन तो तीन-चार टक्क्यांनी वाढला तरी आग लागायला निमित्त कमी पुरतं आणि लागलेली आग भडकते. एप्रिल-मेच्या उकाड्यात ऑक्सिजनचा झोत अंगावर घ्यायची किंवा शर्टावरची धूळ त्याने उडवायची खोड बऱ्याच दुकानांत आहे. कापडाच्या धाग्यांत ऑक्सिजन मुरून राहतो. पाच मिनिटांनी ग्राइंडरची एक ठिणगी उडाली की एरवी विझून गेलं असतं ते विझत नाही. असं चुकून झालंच, तर ठिणगीपासून दूर, उघड्यावर निदान पंधरा मिनिटं थांबून कपडे हवेशीर होऊ द्यावेत. टायरमध्ये हवा म्हणून ऑक्सिजन भरणं हा याच जातीचा उद्योग.

आता दाब. भरलेल्या मोठ्या बाटलीत सुमारे ७ घनमीटर ऑक्सिजन असतो आणि त्याचा दाब चौरस सेंटिमीटरला १५० किलोच्या घरात. कांद्याच्या ट्रकच्या टायरमध्ये हा दाब सात-आठ किलो असतो. झडप पितळेची असते आणि बाटलीच्या मानेवर उघडी असते. बाटली पडून ती मान तुटली तर कित्येक किलो वजनाचं लोखंड सुटतं आणि मध्ये येईल ते फोडत जातं. म्हणून पिकअपमधून आणताना झडपेवर टोपी हवी. दुकानात बाटली उभी आणि साखळीने बांधलेली हवी. हलवताना ट्रॉली वापरावी, रस्त्यावरून गडगडवत नेऊ नये.

झडप घट्ट बसली की हात आपोआप ग्रीसच्या डब्याकडे जातो. ऑक्सिजनच्या बाबतीत हा हात तिथेच थांबवावा. उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेल किंवा ग्रीस ज्योतीशिवायही पेटू शकतं. झडप झटक्यात उघडली की १५० किलोचा वायू रेग्युलेटरमध्ये घुसतो, तिथला वायू दाबला जातो आणि क्षणात तापतो. ट्रॅक्टरच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतो, तरी डिझेल पेटतं ते अशाच दाबाच्या उष्णतेने. रेग्युलेटरमध्ये ग्रीसचा बोटभर डाग असेल तर तिथेही तेच घडतं, फक्त इथे पेटायला शुद्ध ऑक्सिजन मिळतो आणि मीटर तोंडासमोर असतो. म्हणून आधी रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल करावा, मीटरच्या समोर न उभं राहता बाजूला व्हावं आणि झडप अगदी हळू उघडावी. हात तेलकट असतील तर आधी धुवावेत. गॅरेज आणि वेल्डिंग एकाच शेडमध्ये असतं तिथे हा नियम पाळणं सगळ्यात अवघड, आणि तिथेच तो सगळ्यात गरजेचा.

हा वायू किती जवळचा आहे हे २०२१ मध्ये सगळ्यांना कळलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत केंद्र सरकारने २२ एप्रिल २०२१ पासून, मोजके उद्योग सोडून, औद्योगिक वापरासाठी ऑक्सिजन देणं थांबवलं आणि तो दवाखान्यांकडे वळवला. त्याची दुसरी बाजू दिसली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये: जळगावात गर्भवतीला नेणाऱ्या रुग्णवाहिकेने पेट घेतला. धूर दिसताच चालकाने सगळ्यांना खाली उतरवून दूर नेलं आणि नंतर आतली ऑक्सिजनची बाटली फुटली. माणसं वाचली ती बाटलीपासून वेळेवर लांब गेल्यामुळे. दुकानाला आग लागली तर क्रम हाच ठेवावा: आधी माणसं, मग अग्निशमन दलाला फोन. तापलेली बाटली ओढून बाहेर काढण्याचं शौर्य करू नये.

इंधनाची बाटली वेगळ्या स्वभावाची आहे. ॲसिटिलीन मुळातच अस्थिर आहे. सुटा वायू म्हणून त्याचा दाब साधारण एक किलोच्या वर गेला तर ऑक्सिजन नसतानाही तो स्फोटाने विघटित होऊ शकतो. म्हणून मरून बाटली आतून पोकळ नसते. तिच्यात सच्छिद्र भराव असतो, भरावात ॲसिटोन आणि ॲसिटोनमध्ये विरघळलेलं ॲसिटिलीन. ती आडवी ठेवून वापरली तर ॲसिटोन नळीत येतं. आडवी आणली असेल तर उभी करून काही तास थांबावं. एका तासात बाटलीतल्या गॅसच्या एक सप्तमांशापेक्षा जास्त गॅस ओढू नये, हाही याच कारणाचा नियम. नळी फाटली की फ्रिज दुरुस्तीतला तांब्याच्या नळीचा तुकडा घालून ती जोडायची सवय सोडावी. ॲसिटिलीन आणि तांबं मिळून जे संयुग होतं ते नुसत्या धक्क्याने फुटतं.

काही लहान दुकानांत अजून कार्बाइडची टाकी दिसते. खडा आणि पाणी यांतून ॲसिटिलीन निघतं, खाली चुन्याचा राडा उरतो. एक किलो कार्बाइडपासून साधारण ३०० लिटर गॅस मिळतो. फळं पिकवायला बंदी असलेला तो हाच खडा. टाकी साफ करताना आत हवा आणि उरलेला गॅस एकत्र असतात. ॲसिटिलीन हवेत अडीच टक्क्यांपासून ८० टक्क्यांच्या वरपर्यंत स्फोटक असतं, म्हणजे जवळपास कोणतंही प्रमाण चालतं. तिथे विडी तर सोडाच, मोबाइलची बॅटरी लावूनही डोकावू नये.

एलपीजी यापेक्षा शांत, हवेत साधारण दोन ते साडेनऊ टक्क्यांतच पेटतो. पण तो हवेपेक्षा जड आहे. गळला की जमिनीलगत पसरतो आणि सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात जाऊन बसतो. घरातली १४.२ किलोची लाल टाकी कटिंगला वापरणं बेकायदा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी ती दिसते. घरगुती रेग्युलेटर कटरच्या कामासाठी बनलेला नाही, हे त्यामागचं कारण मला कायद्यापेक्षा जास्त पटतं.

नळ्यांचे रंग ठरलेले आहेत: ऑक्सिजनची निळी, ॲसिटिलीनची लाल, एलपीजीची नारिंगी. ऑक्सिजनचे आटे उजवे आणि इंधनाचे डावे, शिवाय इंधनाच्या नटाला खाचा पाडलेल्या असतात, म्हणजे अंधारातही बोटाला कळावं. ही अदलाबदल टाळायची सोय आहे. जबरदस्तीने नट फिरवणारा ती सोय मोडतो. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहावेत, काडी ओढून गळती शोधू नये.

पेटवताना आधी दोन्ही नळ्यांतून, एकेक करून, थोडा वायू उघड्यावर सोडावा. रात्रभर पडलेल्या नळीत मिश्रण साठलेलं असू शकतं. मग इंधनाची झडप थोडी उघडून लायटरने पेटवावं आणि नंतर ऑक्सिजन द्यावा. विझवताना आधी इंधन, मग ऑक्सिजन. नोझल प्लेटला टेकली, कचऱ्याने भरली किंवा दाब कमी पडला की ‘फट्’ आवाज होऊन ज्योत आत जाते. बहुतेकदा ती तिथेच विझते. पण शिट्टीसारखा आवाज येत राहिला आणि मूठ तापू लागली तर ज्योत आत जळते आहे. अशा वेळी आधी ऑक्सिजन बंद करावा, लगेच इंधन, मग बाटल्यांच्या झडपा. कटर थंड करून तपासल्याशिवाय पुन्हा पेटवू नये. ज्योत नळीतून बाटलीकडे जाऊ नये म्हणून फ्लॅशबॅक अरेस्टर असतो. तो दोन्ही रेग्युलेटरवर हवा. ‘ऑक्सिजनला कशाला’ म्हणून एकच घेणारे पुष्कळ आहेत, पण उलटा आलेला इंधनाचा वायू ऑक्सिजनच्याच नळीत शिरतो.

आणि रिकामा ड्रम. शेतकरी डिझेलचा किंवा फवारणीच्या औषधाचा ड्रम आणतो आणि वरचं झाकण कापून मागतो, पाणी साठवायला. भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा ड्रम घातक, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. डिझेल थंड असताना फारसं वाफाळत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण कटरची ज्योत पत्रा तापवते आणि चिकटलेल्या थराची वाफ करते. नळाच्या पाण्याने विसळणं पुरत नाही. अशा टाकीतला ज्वालाग्राही पदार्थ आणि वाफ काढल्याशिवाय तिच्यावर वेल्डिंग किंवा कटिंग करू नये, हे १९४८च्या कारखाने अधिनियमातल्या कलम ३७ मध्येच लिहिलं होतं. तीन-चार माणसांचं दुकान कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही, पण वाफ व्याख्या वाचत नाही. ड्रमचं काम नाकारावं, गिऱ्हाईक गेलं तरी.

चाळीच्या जीआय पाइपचं एक वेगळं दुखणं आहे. त्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. यावर गूळ खातात, दूध पितात. त्याने धूर अडत नाही. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने उभं राहून काम करावं, सांध्याजवळचं जस्त आधी घासून काढावं. डोळ्यांना गॅस कटिंगचा पाच नंबरच्या आसपासचा गडद चष्मा हवा. तोच चष्मा विजेच्या वेल्डिंगला चालत नाही. चाळीजवळ मक्याचा चारा रचलेला असेल तर काम संपल्यावर निदान अर्धा तास कोणीतरी तिथे थांबावं, कारण धुमसणारी ठिणगी लगेच दिसत नाही.

बाटल्यांचे नियम ज्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडे आहेत तिचं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरात आहे. ऑक्सिजनच्या पोलादी बाटलीची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाने तपासणी होते आणि तिची तारीख मानेजवळ ठोकलेली असते. पुढची बाटली उतरवून घेताना ती तारीख वाचा, उलटून गेली असेल तर बाटली परत पाठवा, आणि कांद्याची गर्दी सुरू व्हायच्या आत दोन्ही रेग्युलेटरवर अरेस्टर बसवून घ्या.