शिट्टीतून वरण येऊ नये म्हणून

कुकर अंमळ जास्त भरला की काय होतं, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक असतं. शिट्टी होते आणि वाफेबरोबर डाळीचं पिवळं पाणी ओट्यावर, भिंतीवर, कधी थेट छतावर उडतं. बेतानं भरलेल्या कुकरमध्ये असं होत नाही, कारण डाळ-पाणी खाली राहतं, वाफ वर जमते आणि शिट्टीही वरच असते. ही खाली-वरची व्यवस्था गुरुत्वाकर्षणानं फुकटात लावून दिलेली आहे. तोच कुकर पृथ्वीभोवती घिरट्या घालणाऱ्या यानात ठेवला, तर डाळ कुठे आणि वाफ कुठे याचा काही भरवसा उरत नाही. शिट्टी होईल तेव्हा वाफ येईल, नाहीतर वरण येईल.

११ डिसेंबर १९६४ रोजी एका अमेरिकी रॉकेटवर नेमकी हीच पाळी आली. अ‍ॅटलास रॉकेटच्या माथ्यावर सेंटॉर नावाचा टप्पा बसवलेला होता. त्याचं इंधन द्रव हायड्रोजन आणि ते जाळायला द्रव ऑक्सिजन. सेंटॉरचं इंजिन पहिल्यांदा ठरल्याप्रमाणे पेटलं आणि विझलं. आता काही वेळ तरंगत राहून ते पुन्हा पेटवायचं होतं. मधल्या काळात द्रव टाकीच्या तळाशी राहावा म्हणून छोटी रॉकेटं यानाला हलकेच पुढे रेटणार होती. तो रेटा कमी पडला. हायड्रोजन टाकीच्या दुसऱ्या टोकाला उसळला, वाफ सोडण्यासाठी ठेवलेल्या व्हॉल्व्हमधून द्रवच बाहेर पडू लागला आणि त्याच्या झटक्यानं सेंटॉर कोलांट्या खाऊ लागला. इंजिन काही पुन्हा पेटलं नाही.

इतकं नाठाळ इंधन वापरायचंच कशाला? कारण त्याच्या तोडीचा जोर देणारं व्यवहारात दुसरं काही नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जोडी दर किलोमागे जी ढकल देते, ती साध्या तापमानाला टिकणाऱ्या इंधनांना जमत नाही. पण या जोडीला द्रवरूपात ठेवायचं तर ऑक्सिजनला उणे १८३ अंश सेल्सियस आणि हायड्रोजनला उणे २५३ अंश लागतात. अलीकडे लोकप्रिय झालेल्या मिथेनला उणे १६१ अंश पुरतात. त्यात हायड्रोजन विलक्षण हलका. एक लिटर द्रव हायड्रोजन वजनाला जेमतेम ७१ ग्रॅम भरतो, म्हणून त्याच्या टाक्या अवाढव्य होतात आणि टाकी मोठी तितका उष्णतेला शिरकाव करायला पत्रा जास्त.

अवकाश तर थंडगार असतं, मग तिथे काळजी कसली, असं वाटणं साहजिक आहे. पण अवकाशात हवा नसते आणि सूर्य मात्र असतो. पृथ्वीजवळच्या कक्षेतल्या यानाला दिवसातून सोळा वेळा सूर्योदय दिसतो. वर पाठीवर ऊन आणि पोटाखाली भल्यामोठ्या पृथ्वीची धग. निर्वात पोकळीमुळे थर्माससारखी सोय आपसूक होते, टाकीभोवती चकचकीत पातळ पापुद्र्यांचे थरही गुंडाळतात, तरी पाइप, आधाराच्या कांबी आणि तारा यांतून थोडी उष्णता झिरपतेच. एक लिटर उकळतं पाणी पूर्ण वाफेत न्यायला जितकी उष्णता लागते, तिच्या साधारण सत्तराव्या हिश्श्यात एक लिटर द्रव हायड्रोजन उडून जातो. टाकीत दिवसभर एक वॅट उष्णता झिरपली, तर पावणेतीन लिटरच्या आसपास हायड्रोजनची वाफ होते. शून्याचा म्हणून विकला जाणारा छोटा बल्बही याच्या कितीतरी पट वॅट खातो.

ही वाफ कोंडली तर दाब वाढतो, म्हणून ती सोडावी लागते, आणि सोडायची तर ती टाकीत नेमकी कुठे आहे ते कळायला हवं. इथे सगळी गोष्ट अडते.

वजन हरवलं की द्रवावर राज्य येतं ते पृष्ठताणाचं. अळवावरचं पाणी पानाला चिकटायचं नाव घेत नाही, गोळा होऊन घरंगळतं. द्रव हायड्रोजनचा स्वभाव अगदी उलटा. त्याला भिंतीचा सोस. धातूला तो असा लपेटतो की निवांत सोडलेल्या टाकीत द्रव चहूबाजूंनी भिंतीला लिंपल्यासारखा बसतो आणि वायूचा मोठा बुडबुडा मध्ये अडकतो. वाफ सोडण्याचं भोक भिंतीतच असल्यामुळे त्याच्या तोंडाशी द्रव हजर. त्यात यान जरा वळलं की ही सगळी मांडणी डचमळते.

हे पडद्याआडचं नाटक पाहायला नासानं ५ जुलै १९६६ रोजी अख्खं रॉकेट खर्ची घातलं. एएस-२०३ या उड्डाणात ना अंतराळवीर होता, ना उपग्रह. वर गेला तो एस-फोर-बी नावाचा टप्पा, पोटात कित्येक टन द्रव हायड्रोजन शिल्लक ठेवून. हाच टप्पा पुढे अपोलोच्या यानांना पृथ्वीच्या कक्षेतून चंद्राकडे भिरकावणार होता आणि त्यासाठी तो कक्षेत पुन्हा पेटणं भाग होतं. टाकीच्या आत टीव्ही कॅमेरे बसवले होते. दोनपैकी एक बिघडला, दुसऱ्यानं काम भागवलं. उणे २५३ अंशांच्या टाकीतलं चित्र १९६६ साली पृथ्वीवर बसून पाहायचं, ही हौस आजही दाद देण्याजोगी आहे. चित्रात दिसलं की उडून जाणारी हायड्रोजनची वाफच मागच्या बाजूला हळूहळू सोडत राहिलं, तर तिच्या इवल्याशा रेट्यानं उरलेला द्रव तळाशी नांदतो. चार प्रदक्षिणा झाल्यावर टाकीवर दाबाची कठोर चाचणी घेतली गेली, तीत दोन टाक्यांमधला सामाईक पडदा फाटला आणि टप्प्याचे तुकडे झाले. तोवर हवं ते हाती आलं होतं. तीन वर्षांनी अपोलो ११ निघालं, तेव्हा उड्डाणानंतर अडीच तासांहून थोडा अधिक वेळ गेल्यावर एस-फोर-बी मुकाट्यानं पुन्हा पेटला.

पण या यशातच पुढच्या आळसाचं मूळ असावं. जरा ढकला, द्रव खाली बसतो, इंजिन पेटतं, काम तमाम. अडीच तासांच्या सफरीला ही युक्ती पुरते. महिनोन्‌महिने साठा करायचा आणि एका टाकीतून दुसरीत ओतायचं म्हटलं, तर सतत ढकलत राहण्यातच इंधन संपेल. हा अवघड भाग पुढची कित्येक दशकं तुकड्यातुकड्यांनीच हाताळला गेला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात क्लीव्हलँडला नासाची एक खोल विहीर आहे, १९६६ पासून चालू असलेली. त्या निर्वात विहिरीत प्रयोगाचं पिंप १३२ मीटर पडू देतात आणि तळाशी थर्माकोलच्या मण्यांच्या राशीत झेलतात. पडण्याचा वेळ ५.१८ सेकंद. द्रवांच्या वागण्याबद्दलचं पुष्कळसं ज्ञान अशा पाच-पाच सेकंदांच्या भांडवलावर उभं राहिलं आहे. या कामासाठी कोल्डसॅट नावाचा स्वतंत्र उपग्रहही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला आखला गेला, तो कागदावरून उठलाच नाही.

वेगळं उदाहरण जून १९९३ मधलं. एंडेव्हर या स्पेस शटलमध्ये दोन मोठे थर्मास नेले होते आणि त्यांत अतिप्रवाही हेलियम भरला होता. उणे २७१ अंशांच्याही खाली गेलेला हा हेलियम इतका निसरडा, की जिथून पाणी काय हवाही सहज जाणार नाही अशा सूक्ष्म छिद्रांतून तो वाहतो आणि ऊब दिली की उबेकडे धावतो. हलत्या भागांच्या पंपाशिवाय, निव्वळ या स्वभावाचा फायदा घेऊन, तो कक्षेत एका थर्मासमधून दुसऱ्यात नेला-आणला गेला. अतिशीत द्रव अवकाशात ओतता येतो हे सिद्ध झालं. पण हेलियमची ही खोड हायड्रोजनला किंवा ऑक्सिजनला नाही, त्यामुळे तिथे नवा रस्ता शोधणं आलंच.

आणखी एक प्रयोग तर उरल्यासुरल्यावर झाला. ऑक्टोबर २००९ मध्ये एका हवामान उपग्रहाला कक्षेत सोडल्यावर सेंटॉरच्या टाक्यांत सुमारे साडेपाच टन इंधन शिल्लक होतं. टप्प्याची विल्हेवाट लावण्याआधी अभियंत्यांनी दोन-अडीच तास ते किती कमी रेट्यावर तळाशी थांबतं, हे पाहून घेतलं. शिळ्या पोळीचा कुस्करा करावा, त्यातला हा प्रकार. पंचेचाळीस वर्षांपूर्वी कोलांट्या खाल्लेल्या सेंटॉरच्याच वंशातला टप्पा या कामी आला.

रेटा न देता द्रव पकडायचा, तर पुन्हा पृष्ठताणालाच कामाला लावावं लागतं. टाकीच्या भिंतीलगत अतिशय बारीक विणीच्या धातूच्या जाळीचे पाट फिरवतात. भिजलेल्या मलमलीतून फुंकर मारून पाहिली की हवा सहजी पार होत नाही. जाळीचंही तसंच. भिजलेली जाळी द्रव आत घेते आणि वायूला दारातच थोपवते. पाटातून इंजिनापर्यंत निखळ द्रव जातो.

थंडावा टिकवायला दुसरी युक्ती आहे, ती प्रत्येक माठाला अवगत आहे. माठातलं थोडं पाणी पाझरून वाफ होतं आणि जाता जाता उरलेलं पाणी गार करतं. टाकीतूनही थोडासा द्रव अरुंद व्हॉल्व्हमधून कमी दाबात सोडतात. तो आणखी गार होतो, टाकीला वेढणाऱ्या नळीत फिरतो, आतली उष्णता पिऊन वाफ होतो आणि मग बाहेर पडतो. द्रव व्हॉल्व्हपाशी आला तरी बिघडत नाही, कारण बाहेर जाते ती वाफच. माठ मात्र संध्याकाळी पुन्हा भरावा लागतो. थेंबही दवडायचा नसेल, तर टाकीला फ्रिजच जोडायला हवा. उणे २५३ अंशांचा फ्रिज ही सोपी चीज नव्हे. २०२५ मध्ये नासाच्या मार्शल केंद्रात जमिनीवरच अशा दुपदरी शीतकरणाची नव्वद दिवसांची चाचणी आखली गेली. त्यात एक फेरा टाकीच्या नळ्यांत उणे २५३ अंशांच्या आसपासचा हेलियम खेळवतो आणि दुसरा बाहेरच्या थरातच उष्णतेला अडवतो.

फ्रिज बिघडला तर काय होतं, तेही अवकाशात पाहून झालं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर ४२ लिटर द्रव मिथेन घेऊन एक प्रयोग गेला. त्याचा शीतक चार महिने इमानेइतबारे चालला आणि मिथेन जराही उडालं नाही. एप्रिल २०१९ मध्ये शीतक सुरू होईना. मिथेन तापू लागलं आणि शेवटी ते सुरक्षितपणे बाहेर सोडून द्यावं लागलं. ज्यासाठी सारा खटाटोप होता ते ओतणं राहूनच गेलं. पुढे २०२० मध्ये रोबोटच्या हातांनी नळी जोडण्याची तालीम तेवढी झाली.

त्याच प्रयोगात एक छोटं यंत्र होतं. घरातला गॅस सिलिंडर किती उरलाय हे बायाबापड्या तो हलवून किंवा उचलून ओळखतात. अवकाशात उचलून वजन कळत नाही आणि हलवून खळखळ ऐकू येत नाही. म्हणून टाकीत रेडिओलहरी सोडतात. टाकी किती भरली आहे त्यानुसार त्या लहरींचे सूर बदलतात आणि त्यावरून इंधनाचा अंदाज बांधतात. याच तऱ्हेचं मापक फेब्रुवारी २०२४ मध्ये इंट्युटिव्ह मशीन्स कंपनीच्या ओडिसियस यानाबरोबर चंद्रापर्यंत गेलं. ओडिसियसचं इंजिन मिथेन आणि ऑक्सिजनवर चालणारं. हे इंधन भरलं गेलं उड्डाणाच्या अगदी तोंडावर, रॉकेट तळावर उभं असताना. मिथेनचं तापमान हवं तसं मिळेना म्हणून उड्डाण एक दिवस पुढेही ढकलावं लागलं. २२ फेब्रुवारीला यान चंद्रावर उतरलं खरं, पण कलंडलं.

टाकीतला दाब हा विषय भारतालाही परका नाही. १२ ऑगस्ट २०२१ रोजी जीएसएलव्ही-एफ१० या रॉकेटचा क्रायोजेनिक टप्पा पेटला नाही आणि ईओएस-०३ हा उपग्रह गेला. चौकशीत कारण निघालं ते हायड्रोजनच्या टाकीवरच्या वाफ सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या गळतीचं. गळतीमुळे टाकीतला दाब उतरला, पंपाला हवा तसा पुरवठा मिळाला नाही. शिट्टी गळकी असेल तर कुकरला दाब धरत नाही, हे कुणाही गृहिणीनं सांगितलं असतं. पण उणे २५३ अंशांना गळणार नाही असा व्हॉल्व्ह घडवणं ही वेगळीच कारागिरी आहे. या इंजिनांच्या चाचण्या तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला होतात आणि त्यांचे काही भाग विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात घडतात.

आता ढकलाढकलीला जागा उरलेली नाही. अमेरिकेच्या आर्टेमिस मोहिमेसाठी २०२१ मध्ये निवडलेलं स्पेसएक्सचं स्टारशिप कक्षेत पोचेपर्यंत आपलं बहुतेक इंधन जाळून बसतं. चंद्रावर जायचं तर वरच त्याची टाकी भरावी लागणार. म्हणजे टँकर म्हणून आणखी स्टारशिप एकामागून एक पाठवायची आणि द्रव ऑक्सिजन व मिथेन ओतायचं. १४ मार्च २०२४ च्या तिसऱ्या चाचणी उड्डाणात त्याचं पहिलं पाऊल पडलं. यानातल्याच एका टाकीतून दुसऱ्या टाकीत द्रव ऑक्सिजन नेण्याचा प्रयोग झाला. दुसऱ्या यानात काही गेलं नव्हतं आणि परतताना ते यान नष्टही झालं. दुसरीकडे ब्लू ओरिजिन या कंपनीनं चंद्रावर उतरण्यासाठी हायड्रोजनच निवडला आहे आणि तो न उडता टिकवण्यासाठी उणे २५३ अंशांचे शीतक यानावरच न्यायचा तिचा बेत आहे.

एका चंद्रसफरीला टँकरच्या किती फेऱ्या लागतील? स्पेसएक्सचे एलॉन मस्क यांनी २०२१ मध्ये आकडा सांगितला, जास्तीत जास्त आठ. २०२३ मध्ये नासाच्या अधिकाऱ्यांच्या तोंडी पंधराच्याही पुढचा आकडा होता. यान तेच आणि चंद्रही तेवढ्याच अंतरावर. फरक कशाकशानं पडतो ते पाहायला गेलं, तर एक टँकर किती इंधन वर नेतो, दोन फेऱ्यांमध्ये किती दिवस जातात आणि त्या दिवसांत आधी नेऊन ठेवलेल्यातलं किती उडून जातं, या हिशेबापाशी येऊन थांबावं लागतं.