डबीतली चकाकी किती दिवस टिकते?

दसऱ्याच्या सकाळी सोसायटीच्या आवारात बादल्या, फडकी आणि झेंडूच्या माळा एकदमच बाहेर येतात. गाडी आणखी उजळावी म्हणून कुणीतरी वॅक्सची डबीही आणतं. दुकानात मात्र वॅक्स, पॉलिश आणि रबिंग कंपाउंड एकाच फळीवर मांडलेलं असतं, आणि पहिली चूक तिथेच होते.

रबिंग कंपाउंड आणि पॉलिशमध्ये घासणारे बारीक कण असतात. ते रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, किंचित घासून ओरखडे कमी करतात. हा थर असतो जेमतेम 40 ते 50 मायक्रॉनचा, वहीच्या पानाच्या साधारण निम्म्या जाडीचा. दर महिन्याला घासला तर किती वर्षं पुरणार? साधं वॅक्स घासत नाही, वर एक पातळ पापुद्रा चढवतं. ‘क्लीनर वॅक्स’ लिहिलेल्या डबीत मात्र असे कण असू शकतात. नव्या गाडीला ती नकोच.

चकाकीसाठी नावाजलेलं वॅक्स म्हणजे कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर ते साचतं. पानं वाळवून झोडपली की त्याची भुकटी पडते. गोळ्या-चॉकलेटांवरची चमकही बऱ्याचदा याचीच असते. मधमाश्यांचं मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, तर कार्नोबा 82 ते 86 अंशांना. म्हणूनच उन्हात तापलेल्या बॉनेटवर ते तग धरतं. पण ते इतकं कडक असतं की तेल आणि द्रावक मिसळल्याशिवाय लावताच येत नाही. त्यामुळे डबीवर ‘कार्नोबा’ मोठ्या अक्षरांत असलं, तरी आत त्याचं प्रमाण थोडंच असू शकतं.

काळ्या, लाल, गडद निळ्या गाडीवर कार्नोबाची खोल चमक उठून दिसते. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर ती महिना-दोन महिने राहते. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर हा फरक फारसा जाणवत नाही. तिथे कृत्रिम पॉलिमरचं सिलंट घेणं शहाणपणाचं, कारण ते चार ते सहा महिने टिकू शकतं. स्प्रे वॅक्स झटपट लागतं, पण लवकर उतरतं.

किंमत डबीची नव्हे, एका हाताची काढावी. छोट्या गाडीला पेस्ट वॅक्स 15 ते 20 ग्रॅम पुरतं. म्हणजे 200 ग्रॅमच्या डबीत किमान दहा हात होतात. जाड थर दिल्याने ते जास्त टिकत नाही, उलट पुसताना दंड भरून येतात.

लावण्याआधी गाडी धुऊन, कोरडी करून हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि बॉनेटवरून हलकेच फिरवावा. खरखर लागली तर रंगावर कण चिकटलेले आहेत. ते क्ले बारने, म्हणजे मातीसारख्या मऊ वडीने, काढावेत. मग सावलीत, थंड पत्र्यावर थोड्या थोड्या भागात वॅक्स लावावं. धुरकट झालं की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसावं. बंपरच्या काळ्या प्लॅस्टिकला लागू देऊ नये, पांढरे डाग राहतात.

पुढे गाडी कार शाम्पूनेच धुवावी. भांड्यांच्या साबणाने किंवा कपड्यांच्या पावडरीने वॅक्स लवकर उतरतं. वॅक्स लावल्याची तारीख झाकणावर लिहून ठेवावी. धुताना पाण्याचे टपोरे थेंब होऊन ओघळायचे थांबले आणि पाणी सपाट पसरू लागलं, की ती तारीख पाहावी. आपल्या गाडीवर, आपल्या पार्किंगमध्ये ही डबी किती दिवस टिकली, ते तिथेच कळतं.